पट्टीवरचं घर

गुरुवार, ३ सप्टेंबर

पोचले. बोट दोन तास उशिरा लागली. पुस्तकांची एक पेटी धक्क्यावर उलटली आणि तिघा अनोळखी माणसांनी पुस्तकं गोळा करता करता त्यांची नावंही मोठ्यानं वाचून पाहिली. एकानं विचारलं, हे सगळं वाचून झालं की मग काय करणार? मी म्हटलं, परत पहिल्यापासून. तिघंही हसले. सुरुवात बरी झाली.

घर कोरडं आहे. चूल पहिल्याच काडीला पेटली. स्वयंपाकघराला दोन खिडक्या, एकीतून समुद्र दिसतो, दुसरीतून चढत जाणारं दलदलीचं माळरान. मधली जमीन टेबलासारखी सपाट. माझा नवरा हाल्वार्ड म्हणायचा, स्कार्वोयवर कप ठेवायलासुद्धा सपाट जागा सापडत नाही. तो सोळाव्या वर्षी हे बेट सोडून गेला आणि एप्रिलमध्ये शवपेटीतून परत आला, त्याच्या आईच्या शेजारी पुरायला. म्हणून मी बर्गनचं घर विकून इथे आले. थडगं इथून पंधरा मिनिटांवर आहे.

संध्याकाळी खालच्या घरातला एडविन कागदात गुंडाळलेला मासा घेऊन आला. फाटकाशी थांबला. डावीकडे आभाळात पाहिलं, उजवीकडे आभाळात पाहिलं, मग अंगणात पाय ठेवला. मला हसू आलं. तो म्हणाला, हस बाई, हस, तीस वर्षांची सवय आहे ही. जुना विमानतळ इथेच होता. रस्ता धावपट्टीला आडवा जायचा, आडकाठी होती, घंटा होती. न बघता ओलांडलं तर विमानतळावरच्या अर्नफिनच्या शिव्या खायला लागायच्या. नऊ वर्षांपूर्वी विमानतळ वर माळावर नेला, तरी पाय थांबतातच. मग त्यानं माझ्या चुलीकडे बोट दाखवलं. म्हणाला, ओडब्योर्ग, चाकं बरोब्बर तिथे टेकायची.

मासा तळला. दोघांपुरता झाला.

सोमवार, ७ सप्टेंबर

शाळेच्या एका खोलीत ग्रंथालय आहे. पुस्तकं कमी, पण मागवलेलं पुस्तक मुख्य भूमीवरून आठवड्याभरात येतं. तिथल्या मुलीनं शिक्षण किती असं विचारलं. मी म्हटलं, सात इयत्ता आणि माशांच्या कारखान्यात एकतीस वर्षं. मग हवं ते न्या, म्हणाली.

दुपारी दोन चाळीसला विमान येतं. ते उत्तरेकडे माळावर उतरतं, इथून पाऊण किलोमीटर. उन्हात छान दिसतं. एडविन मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी त्यानं जातो, शहरातल्या दवाखान्यात चार तास रक्त शुद्ध करून घेतो आणि दुपारी परततो. बोटीनं जायचं तर एका बाजूला सात तास लागतात. त्याची बायको तोरगुन वॅफल घेऊन आली होती. जीभ तिखट, हात गोड. मला ‘शहरवाली’ म्हणते.

शुक्रवार, ११ सप्टेंबर

आज पहिलं धुकं. कुंपणसुद्धा दिसत नव्हतं. दोन चाळीसला मी पीठ भिजवत होते आणि आवाज उत्तरेकडून न येता समुद्राच्या खिडकीतून आला. वाढत गेला. फडताळातले कप एकमेकांवर आपटायला लागले. खिडकीबाहेर, वर, धुक्यात, एक काळं पोट सरकलं आणि त्याखाली दोन चाकं. मग ते वळलं आणि माळाकडे गेलं.

तोरगुनला विचारलं. ती म्हणाली, अगं, धुक्यात ते जुन्या वाटेनं येतं. आपलं नेहमीचं विमान दुरुस्तीला गेलं की हे भाड्याचं, म्हातारं येतं, यंदा दोन आठवडे झाले. सवय होईल. घर स्वस्तात मिळालं तेव्हा विचारलं नाहीस वाटतं, आधीचे लोक एका हिवाळ्यात का पळाले ते?

नव्हतं विचारलं.

सोमवार, १४ सप्टेंबर

माळ चढून विमानतळावर गेले. अर्नफिन एका खोलीत बसतो, हवामान सांगतो, दिवे लावतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, धावपट्टीवर घर घ्यायचं आणि विमान आलं म्हणून ओरडायचं, म्हणजे समुद्रात उभं राहून पाय ओले झाले म्हणण्यातली गत. मी म्हटलं, ती धावपट्टी आता नाही. तो म्हणाला, ते मला सांगू नकोस, विमानाला सांग.

चेष्टा होती. पण हसला नाही.

शुक्रवार, १८ सप्टेंबर

आज वैमानिक स्वतःच घरी आला. सिग्ब्योर्न, पन्नाशीचा, ढेरपोट्या. माझी तक्रार कानावर आली म्हणे. कॉफी प्यायला, तपकिरी चीज तीन वेळा घेतलं आणि सगळं खरं खरं सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं. समोरचा बोलत असताना लिहिण्याची सवय मला हाल्वार्डच्या आजारपणात लागली. डॉक्टर बोलायचे आणि दारापर्यंत पोचेस्तोवर माझ्या डोक्यातून जायचं. तेव्हापासून हात आपला चालतोच.

तर, विमानात एक पेटी असते. तिच्यात जगभरच्या विमानतळांची माहिती भरलेली असते, कुठली धावपट्टी कुठे, किती लांब, कोणत्या दिशेला. दर अठ्ठावीस दिवसांनी, गुरुवारी, ती माहिती नवी करायची असते. भाड्याच्या या विमानाच्या पेटीत स्कार्वोय अजून जुनंच आहे. नऊ वर्षांपूर्वीचं. नाव तेच असल्यामुळे पेटीला संशय येत नाही. धुक्यात ती त्यांना माझ्या घराकडे आणते. मग खाली किनाऱ्याचा फेस दिसला की उतरणं थांबवायचं, माझ्या छपरावरून उजवीकडे वळायचं, वीस आकडे मोजायचे, की नव्या पट्टीचे दिवे समोर. मी विचारलं, हे कुठे लिहिलेलं आहे? तो म्हणाला, लिहिलं तर बंद करतील. आम्ही एकमेकांना सांगतो.

दुसरी एक पेटी असते, ती धोक्याची. बाईच्या आवाजात ओरडते, जमीन, जमीन, वर घ्या. ती पेटीही जुनीच. नव्या पट्टीवर उतरताना तिला वाटतं खाली दलदल आहे, म्हणून रोज बोंब मारते. उतारू घाबरतात. त्यामुळे स्कार्वोय आलं की आधी तिचं बटण बंद करायचं, अशी पद्धतच पडली आहे. मी विचारलं, आणि माझ्या घरावर? चालू ठेवली तर माझ्या घरावर ओरडेल?

त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, नाही. तुझ्या घरावर ती गप्पच बसेल. तिथे तिला वाटतं, आपण पोचलो.

रविवार, २० सप्टेंबर

बर्गनहून टपाल फिरून आलं. दंतवैद्यानं हाल्वार्डला तपासणीला बोलावलं आहे, मंगळवारी सव्वादहाला. त्यांना कुणी कळवलं नाही. मीच नाही कळवलं. कुठेतरी त्याचे दात अजून आहेत, त्याची वेळ राखून ठेवली आहे, हे मला बरं वाटलं. त्यामुळे त्या पेटीवर मी कोणत्या तोंडानं रागावू?

पण दंतवैद्य माझ्या छपरावर येत नाही. विमान कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं. वाहतुकीच्या सरकारी कचेरीलाही एक प्रत. एडविनला वाचून दाखवलं. त्यानं दोन्ही पानं हातात घेऊन पुन्हा पाहिली. मग म्हणाला, बरोबर लिहिलंयस. पण मी बरोबर म्हणालो हे तोरगुनला सांगू नकोस.

शुक्रवार, २५ सप्टेंबर

कंपनीचं उत्तर. कुणा बाईंची सही. एक ऑक्टोबरच्या गुरुवारी माहिती नवी होईल, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मी पत्र घेऊन थडग्यापर्यंत गेले आणि वाचून दाखवलं. मूर्खपणा, पण केला.

शनिवार, ३ ऑक्टोबर

गुरुवार गेला. काल आणि परवा आभाळ स्वच्छ होतं. आज धुकं. मी अंगणात जाऊन उभी राहिले, उत्तरेकडे तोंड करून.

ते पाठीमागून आलं. समुद्रावरून. चाकांच्या रबरावरच्या खाचा दिसल्या. माझा रुमाल डोक्यावरून उडून गेला, अजून सापडला नाही.

सिग्ब्योर्न दुकानात भेटला. आज फेस उशिरा दिसला, म्हणाला. आणि माहिती? म्हातारी पेटी आहे ग, तिचं पोट लहान. नवं भरायचं तर जुनं काढावं लागतं. मोठ्या शहरांचं आधी भरलं. आपलं राहिलं. नाताळापर्यंत विमान परत जाणारच आहे, तोवर कोण हात लावतो.

बुधवार, ७ ऑक्टोबर

सरकारी कचेरीतून अर्नफिनला फोन आला. नुसती चौकशी. पण दुपारपर्यंत बेटभर झालं.

दुकानात मी आत गेले आणि बोलणं थांबलं. तोरगुन ब्रेडच्या फळीपाशी होती. ती सगळ्यांसमोर म्हणाली, तू पुस्तकं वाचतेस ना, मग एवढं सांग. ते विमान बंद पडलं, तर आठवड्यातून तीनदा माझ्या माणसाला तू पाठीवर घेऊन पोहत नेणार आहेस का? मी म्हटलं, तोरगुन, त्या विमानात तुझाच माणूस असतो. ती म्हणाली, सहा आठवडे असतो आणि सहा आठवडे घरी येतो. तू यायच्या आधीही येत होता. तुझ्या घराची किंमत पडेल म्हणून रडतेस, दुसरं काही नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, स्वतःचा गेला, आता दुसरीचा घालवायला आली.

मी ब्रेड न घेता आले.

शनिवार, १० ऑक्टोबर

फाटकावर माशांची डोकी अडकवली होती. सात. काढून पुरली.

धुकं. विमान आलं. स्वयंपाकघराच्या छताला चीर गेली आहे, चुलीपासून दारापर्यंत. सरळ.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

घरातून बाहेर पडताना मी डावीकडे आभाळात बघते, उजवीकडे आभाळात बघते, मग पायरी उतरते. आज लक्षात आलं. कधीपासून करते आहे कोण जाणे.

अंगणात सीगल पक्षी बसतात, सगळे एकाच दिशेला तोंड करून. आणि पहिलं दव गोठलं तेव्हा गवतात दोन ओळींनी काळे ठिपके राहिले, सारख्या अंतरावर, घराच्या दोन्ही बाजूंनी. तिथे बर्फ धरत नाही. जुने दिवे होते त्या जागा. एडविन म्हणतो, खाली काँक्रीट आहे म्हणून. असेल. ओळी समुद्राकडून येतात आणि माझ्या भिंतीशी थांबतात. पलीकडून पुन्हा सुरू होतात.

हाल्वार्ड असता तर म्हणाला असता, चल, निघू इथून. त्याच्याजवळ राहायला आले आणि त्याचं ऐकत नाही.

सोमवार, १९ ऑक्टोबर

सिग्ब्योर्नची पाठ धरली. तो शहरात दवाखान्यात, महिनाभर तरी. आजपासून दोन नवे वैमानिक, दक्षिणेकडचे, तरुण. आज ऊन होतं, सरळ माळावर उतरले.

माळ चढून गेले. अर्नफिनला विचारलं, त्यांना कुणी सांगितलं का? फेसाचं, वळण्याचं, वीस आकड्यांचं? तो म्हणाला, ते माझं काम नाही. मग कुणाचं? तुझंही नाही. मी म्हटलं, मी सांगते, मला भेटू दे. तो उठला, दार उघडलं. म्हणाला, कचेरीचा माणूस सोमवारी येतोय, तुझ्या कृपेनं. त्याच्या कानावर हे वळणं-बिळणं गेलं तर त्याच दिवशी कुलूप लागेल. तू ऊन आहे तोवर घरी जा. आणि इथे फोन करू नकोस.

सिग्ब्योर्नच्या दवाखान्यात फोन केला. नातेवाईक नाही म्हणून जोडून दिला नाही.

गुरुवार, २२ ऑक्टोबर

ऊन. देवाची दया.

एडविनला फाटकावर गाठलं. म्हटलं, विमानात त्या पोरांना तू सांग. तो म्हणाला, मी काय सांगू, मला दार उघडून आत सोडतात का? उतरताना चिठ्ठी देऊ म्हणतेस? बरं, दे. मी लिहून दिली. घरून तोरगुननं ती परत पाठवली, फाडून, तिनं मला वॅफल आणून दिलेल्या त्याच बशीत.

सोमवार, २६ ऑक्टोबर

कचेरीचा माणूस आलाच नाही. बोटीला वादळ.

कंपनीचं दुसरं पत्र. आपण दिलेल्या पत्त्याची आमच्या नोंदींशी पडताळणी केली. सदर ठिकाणी निवासी इमारत आढळत नाही. सदर ठिकाणी धावपट्टी आहे. योग्य पत्ता कळवावा.

तीन वेळा वाचलं. हात लावून पाहिला भिंतीला. आहे.

मंगळवार, २७

पातळ धुकं. पहिल्यांदाच त्यांच्यासाठी. आले. वळले नाहीत — खूप उशिरा, घरापलीकडे जाऊन वर घेतलं, इंजिनं किंचाळली. दुसऱ्या फेरीत माळ दिसला असावा. उतरले.

धुराडं पडलं.

एडविन म्हणे हसत होता, झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटलं म्हणून.

अर्नफिनला फोन. उचलत नाही. तोरगुनच्या फोनवरून केला असता तर — ती दारच उघडत नाही.

बुधवार, २८

चूल पेटवता येत नाही. कोट घालून बसले आहे. शाळेतल्या ग्रंथालयातल्या मुलीनं राहायला बोलावलं, बिचारी. उद्या सकाळी जाते म्हटलं. उद्या गुरुवार. माहिती नवी करण्याचा दिवस.

कदाचित.

गुरुवार, २९

सकाळी विमान गेलं तेव्हा निरभ्र. एडविननं खालून हात केला.

बाराला समुद्रावर पांढरी भिंत. एकला घरात. खिडकीबाहेर काही नाही. फाटक नाही. पायरी नाही.

पिशवी भरून दाराशी. निघायचं.

दोन वीस. निघाले होते. गवतात दिवे दिसले. पिवळे, दोन ओळी, समुद्रापासून. अर्नफिन म्हणाला होता तारा कधीच उपटल्या. मी डोळे मिटले, उघडले. आहेत. नाहीत. ठाऊक नाही.

परत आत आले. फोनला सिग्नल फक्त या खिडकीशी लागतो. मी पळू शकते. विमानातले बारा जण नाही.

अर्नफिन — माझा नंबर लागतच नाही. बंद करून ठेवलाय त्यानं. दुकान — फोन ठेवून दिला.

दोन एकतीस. तातडीच्या नंबरवर लावला. लागला. फोन टेबलावर, आवाज मोठा. लिहिते आहे, हात थांबत नाही.

बाई शांत आहे. नाव विचारलं. पत्ता. काय झालं. सांगितलं. विमान चुकीच्या जागी उतरतंय. स्कार्वोय. त्यांना वर घ्यायला सांगा. ती म्हणाली, हळू बोला. कुठून बोलताय ते मला पडद्यावर दिसतंय.

मी म्हटलं, मग बघा. घर. लाल छप्पर.

कळा दाबते आहे. टकटक. कुणालातरी विचारते आहे.

दोन छत्तीस. कप —

आवाज. समुद्राकडून.

ती परत आली. आवाज बदललाय. बाई, नीट ऐका, घाबरू नका, तुम्ही धावपट्टीवर उभ्या आहात. मी म्हटलं, माझ्या घरात. ती म्हणाली, विमान येतंय, लगेच बाजूला व्हा. मी म्हटलं, त्यांना सांगा, वर घ्या, एवढंच — ती म्हणाली, त्यांचं सगळं ठीक आहे, विमान बरोबर येतंय, तुम्ही —

मी स्वयंपाकघरात आहे म्हटलं. ओरडले. स्वयंपाकघरात.

ती म्हणते, बाई, तिथे स्वयंपाकघर नाही. धावा. तिथे काही —

खिडकीत चाकं